गुरुवारची खुर्ची

दारव्हा रोडची डावी बाजू पाण्याच्या पाईपसाठी खोदून ठेवली नसती, तर सत्यभामाबाई त्या संध्याकाळी मागच्या गल्लीत शिरल्याच नसत्या. मेथीची एक जुडी आणि पाव किलो वांगी घेतली होती, एकट्या जिवाला तेवढं पुरतं. पिशवी हलकी होती आणि मनही तसं काही जड नव्हतं. मातीचा ढीग चढत बसण्यापेक्षा घरांच्या पाठीमागून जाऊ, एवढाच विचार. गल्ली म्हणजे नुसत्या मोऱ्या, वाळत घातलेले कपडे आणि बंद खिडक्या. त्यातल्या एका खिडकीतून गाणं आलं. बाई दोन पावलं पुढे गेल्याही, कारण गाणं ओळखीचं होतं आणि ओळखीच्या गाण्याला माणूस थांबत नाही. कुणीतरी मोबाईलवर लावलं असेल. मग तिसऱ्या कडव्याच्या आधी ते अडलं. एक श्वास, दुसरा श्वास, आणि सगळ्यांनी मिळून पुन्हा उचललं. बाईंचा हात आपसूक भिंतीला टेकला. त्या जागी जगात दुसरं कुणी थांबत नाही. ती जागा मारोतरावांची होती.

मारोतराव म्हणजे बाईंचे यजमान. जिल्हा परिषदेत नोकरी, आवाज मोठा आणि छाती दम्याची. तिसऱ्या कडव्यापर्यंत त्यांचा दम संपायचा, म्हणून गुरुवारच्या प्रार्थनेच्या गटात सगळे तिथं थांबायचे. ते श्वास भरून घ्यायचे, मान हलवायचे, की गाणं पुढे. ते जाऊन सहा वर्षं झाली तरी गट थांबत होता. ठरवून नाही, सवयीनं. नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, ते चालीतच आहे. आणि आता ते थांबणं गटातल्याच रुपालीच्या घराच्या मागच्या खिडकीतून बाहेर येत होतं, गुरुवारी, दिवेलागणीला, आणि ज्यांच्या घरी इतकी वर्षं हा गट भरला त्या बाई बाहेर मोरीजवळ उभ्या होत्या. लालीबाईचा आवाज तर स्पष्ट होता, नेहमीसारखा अर्धा शब्द मागून येणारा. "लेकराइच्या परीक्षा हायेत ना बाई, गट सध्या बंदच ठेवू," असं रुपालीनं फोनवर सांगितलं होतं. "उन्हाळ्यात पाहू." बाईंनी हो म्हटलं होतं. वर तिच्या मुलाला कोणता विषय जड जातो तेही विचारलं होतं, गणित असेल तर संध्याकाळी पाठवून दे म्हणाल्या होत्या. ते आठवून आता त्यांचे कान तापले. कुणी आपल्याशी खोटं बोललं त्याचं एक वेळ काही वाटत नाही. पण त्या खोट्याची आपण मायेनं चौकशी केलेली असते, ते मागाहून फार लागतं.

निघून जायला हवं होतं. या वयात कुणाच्या खिडकीखाली उभं राहणं शोभत नाही, हे त्यांनी स्वतःच कितीतरी जणींना सुनावलं असेल. पण खिडकीची एक काच फुटलेली होती, तिथं पुठ्ठा लावला होता, आणि पुठ्ठ्यामागून आल्याच्या चहाचा वास येत होता. त्या वासानं त्यांना धरून ठेवलं. आजोबा आठवले, नागोराव. बाईंनी त्यांना फारसं पाहिलं नव्हतं, आईनं सांगितलेलंच जास्त. मिशनच्या आवारातल्या कडुनिंबाखाली त्यांचा वर्ग भरायचा. वर्ग म्हणजे शाळा नव्हे. दहा-बारा माणसं, एक पुढारी आणि एकच प्रश्न: या आठवड्यात तुझ्या जिवाचं कसं चाललं? गोऱ्या साहेबानं तो प्रश्न आपल्या मुलखातून आणला होता, त्याच्याही पणजोबांच्या वेळचा. ज्याचं नीट चाललेलं असेल त्याला दर तीन महिन्यांनी एक तिकीट मिळे, तळहातावर मावेल एवढा जाड कागद, आणि ते दाखवलं की प्रीतिभोजनाला बसता येई. एकदा नागोरावांनाच तिकीट मिळालं नाही. भावाच्या पोराच्या जुन्या रीतीच्या लग्नात ते डफ वाजवून आले होते. भोजनाच्या दिवशी आतली माणसं पाव मोडत होती आणि आजोबा दाराबाहेर बसून काडीनं मातीत रेघा ओढत होते. आई हे सांगताना दर वेळी डोळ्यांना पदर लावायची. बाईंना आज त्यातलं निराळंच महत्त्वाचं वाटलं: त्यांना तोंडावर सांगितलं होतं. नागोराव, तुला तिकीट नाही. तसं सांगितलं की माणसाला निदान रागावता येतं.

आईच्या काळात वर्ग मोडले आणि घरसभा आल्या. कंदील, भिंतीला टेकून पेंगणारी लेकरं, आणि प्रश्न तोच. मग गट बाईंच्या घरी आला. चर्चचे पाळक बदलले तशी नावं बदलली. कुणी सेल म्हणालं, कुणी संगती, आता व्हॉट्सॲपवर लाईफ ग्रुप लिहितात. बाई सगळ्यांना मान डोलवायच्या आणि गुरुवारी तीच निळी सतरंजी अंथरायच्या. नियम दोनच. सतरंजीवरचं सतरंजीवर राहील. आणि जिवाचं विचारल्यावर 'बरं' म्हणायचं नाही. 'बरं' हे उत्तर नव्हे, असं त्या मुलींच्या शाळेत शिकवताना वाकडी शिवण परत करायच्या त्याच आवाजात सांगत. म्हणून लोकांना खरं सांगावं लागे. त्या सतरंजीवर काय काय येऊन पडलं होतं. दारू, चोरी, शेजारणीचा मत्सर, पोटच्या पोराचा कंटाळा. रुपालीचं तर बाई मनातल्या मनातही पुरतं उच्चारत नसत. अंथरुणाला खिळलेली सासू लवकर जावी म्हणून ती रोज गुडघे टेकून प्रार्थना करत होती, आणि सासू खरंच गेली तेव्हा तिला देवाची भीती बसली होती. त्या संध्याकाळी सतरंजीवर तिघीच होत्या, रुपाली, लालीबाई आणि बाई. बाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि ती रडून मोकळी होईपर्यंत केसांतून हात फिरवत राहिल्या. तिच्या नवऱ्याला आजवर त्यातलं काही माहीत नाही.

आणि खुर्ची. ती कल्पना कुण्या पाळकानं पुण्याहून प्रशिक्षणातून आणली होती. गटात एक जागा रिकामी ठेवायची, जो अजून आलेला नाही त्याच्यासाठी. शेवटी सगळ्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून त्याचं नाव घ्यायचं. बाकीच्या गटांनी प्लास्टिकची खुर्ची मांडली आणि महिनाभरात विसरले. बाईंनी मारोतरावांची वेताची मांडली, कचेरीच्या लिलावातून आणलेली, एक पाय तांब्याच्या तारेनं आवळलेला. दम्याचा माणूस, पण तेव्हापासून ते स्वतः खाली बसू लागले. ज्याचं नाव घेतलं तो खरोखरच आला तर पहिल्या दिवशी त्याला खुर्चीत बसवायचं आणि सगळ्यांनी भोवती खाली. पुढच्या गुरुवारपासून तो सतरंजीवर, आपल्यातला. लालीबाई अशीच आली होती. दिग्रसकडच्या तांड्यावरून शहरात मजुरीला आलेली, कानात जड चांदी, अंग चोरून खुर्चीच्या कडेला टेकलेली. पुष्कळ दिवसांनी हसत म्हणाली होती, "बाई, त्या दिवशी मले वाटलं, हे सारे मले पाहाले आले का काय. पोरगी पसंत हाय का नाही ते सांगून टाका म्हनलं." बाईही हसल्या होत्या. खुर्चीतून जग कसं दिसतं हे त्यांनी कधी बसून पाहिलं नव्हतं.

जानेवारीतल्या एका गुरुवारी लालीबाईनंच विचारलं. पुढारणीला कुणी विचारायची रीत नव्हती. बाई विचारत आणि बाकीचे सांगत. फेरी संपली, आणि लालीबाई सहज म्हणाली, "अन् बाई, तुमचं?" बाईंनी तोंड उघडलं, आणि स्वतःच घालून दिलेला नियम आडवा आला. तसं काही घडलेलं नव्हतं. हीच तर सांगायची अडचण होती. नवरा गेला तेव्हाही प्रार्थना येत होती, रडत का होईना, येत होती. मग एका मंगळवारी कणीक मळता मळता ती थांबली. नळ जातो तशी. बाईंनी वाट पाहिली. कधी ना कधी येईल म्हणून रोज सकाळी तोटी उघडून बसल्यासारख्या गुडघ्यांवर बसल्या. "चार वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "मी नुसते ओठ हलवते. पलीकडे कुणी ऐकतंय असं वाटत नाही. तुम्ही येता म्हणून मात्र गुरुवारची वाट पाहते." बोलताना त्यांना हलकं वाटलं होतं, जवळजवळ सुखच. त्यांची मान किंचित वाकलीही होती, कुणाची तरी मांडी पुढे येईल म्हणून. रुपाली सतरंजीचा सुटलेला दोरा ओढत राहिली. "काही झालं का बाई? म्हंजे, काही केलं वगैरे?" एवढंच तिनं विचारलं. नाही, बाई म्हणाल्या. शेवटचं गाणं न म्हणताच सगळे उठले, आणि अंगणात चपला शोधताना मात्र कापसाच्या भावावर खूप बोलले.

त्यानंतर फोन आला, परीक्षांचा. आणि फोननंतर रुपाली ऑटो घेऊन दारात. "बाई, पाहुणे येऊन राह्यले, तुमची ते वेताची खुर्ची द्या ना. आमच्या घरी धड बसाले काही नाही." बाईंनी खुर्ची ओल्या फडक्यानं पुसून दिली. तारेचा पाय भिंतीकडे ठेव, नाहीतर डुगडुगते, असं दोनदा सांगितलं. ऑटोत नीट मावत नव्हती तर स्वतः आडवी करून दिली, आणि ऑटो वळेपर्यंत फाटकात उभ्या राहिल्या. घरात आल्यावर तेवढा कोपरा मोठा झाल्यासारखा वाटला होता. आठ दिवसांचं तर काम, म्हणून त्यांनी तिथं काही ठेवलं नाही.

आत गाणं संपलं होतं. आता राजदीप पाळकाचा आवाज आला. तीन वर्षांपूर्वी या मंडळीत आलेला पोरगा, कडक इस्त्रीचा, मनानं वाईट नाही, फक्त प्रत्येक वाक्य उपासनेतलं असल्यासारखं बोलतो. "आता आपण खुर्चीवर हात ठेवू या." कपड्यांची सळसळ झाली, बांगड्या वाजल्या. "हे प्रभू, आमची भगिनी सत्यभामाबाई तुझ्यापासून दूर गेली आहे. ती नुसते ओठ हलवते, प्रभू. पलीकडे कुणी नाही असं तिला वाटतं." बाईंनी ते ऐकलं आणि आधी त्यांना कळलंच नाही की हे आपल्याबद्दल आहे, शब्द तेवढे ओळखीचे वाटले. मग कळलं. जानेवारीच्या त्या गुरुवारी पाळक नव्हता. त्यांचे शब्द सतरंजीवरून उठून त्याच्या तोंडी जायला एकच वाट होती. "तिच्या जीवनात जे पाप लपलेलं असेल ते उघड कर. तिचं कठीण झालेलं मन फोड, आणि तिला या जागेवर आण." आमेन, सगळे म्हणाले. लालीबाईचं आमेन मागून आलं, पण आलं.

राग यायला हवा होता, आणि आली ती लाज, न्हाणीघराचं दार अचानक उघडल्यावर येते तशी. त्या गल्लीत आत्ता कुणी नव्हतं तरी बाईंनी पदर ओढून घेतला. इतकी वर्षं त्यांनी लोकांचं ऐकून घेतलं होतं, आणि त्यांची पाळी आली तेव्हा त्यांचं ऐकून घ्यायला कुणी थांबलं नाही; उलट त्यांचीच खुर्ची नेली, मधोमध मांडली आणि त्यांना हरवलेल्यांत जमा केलं. त्यांना वगळलं असतं तर ते सोसवलं असतं. पण वगळून वर त्यांच्या येण्यासाठी प्रार्थना चालली होती. यात कुठं हात घालून तक्रार करावी तेच सापडेना. मग राग आला. मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. बाईंनी ते ढकललं आणि स्वयंपाकघरातून, ओट्यावर मांडून ठेवलेल्या कपांच्या शेजारून, सरळ मधल्या खोलीत गेल्या.

खुर्चीभोवती सगळी वाकलेली होती, एकमेकांच्या हातावर हात. सगळ्यांनी वर पाहिलं. बाईंना वाटलं होतं चेहरे उतरतील, कुणी सारवासारव करेल, आणि मग बोलायला बरं पडेल. तसं काही झालं नाही. रुपालीचे डोळे भरून आले आणि तिचं तोंड फुललं. "आल्या," ती म्हणाली. "पास्टर, पाहा, आल्या बाई. देवानं आणल्या."

"प्रभूची स्तुती असो," राजदीप म्हणाला, आणि त्याचाही आवाज भरला होता.

"रस्ता खोदलाय," बाई म्हणाल्या. "म्हणून इकडून आले."

ते कुणाला ऐकू गेलं नाही. रुपालीनं खुर्ची त्यांच्याकडे वळवली. तारेचा पाय मोकळ्या बाजूला होता. सांगितलेलं एवढंही तिनं ध्यानात ठेवलं नव्हतं. "बसा ना बाई," ती म्हणाली, आणि रीतीप्रमाणे सगळे भोवती खाली बसले, माना वर करून. सतरंजी नवीन होती, लाल. एकट्या लालीबाईनं वर पाहिलं नाही. ती लुगडं आवरून थोडी सरकली, आणि तिच्या गुडघ्याजवळ सतरंजीचा वीतभर तुकडा मोकळा झाला. बाईंनी तो पाहिला. त्या वीतभर जागेवर जाऊन बसावं असं त्यांना इतकं वाटलं की गुडघे लवलेच. पण तिथं बसलं तरी आता ते सगळे त्यांच्याकडे तसेच पाहणार होते.

"रुपाली," त्या उभ्यानंच म्हणाल्या, "या आठवड्यात तुझ्या जिवाचं कसं चाललं?"

रुपालीचा नवरा दाराशी भिंतीला टेकून बसला होता. साधा माणूस, आईच्या आठवणीनं अजून डोळे पुसणारा. बाईंची नजर त्याच्यावर गेली, आणि एक वाक्य त्यांच्या जिभेवर येऊन उभं राहिलं, पूर्ण, नीट बांधलेलं. म्हटलं की झालं. रुपालीनं ती नजर पाहिली. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद गेला आणि त्याखालचं दिसलं, ते नुसतं भय होतं, आजचं नाही, जानेवारीपासूनचं. हिनं आपल्याला टाकलं ते देवापासून दूर गेल्या म्हणून नाही, या वाक्याच्या भीतीनं, हे बाईंच्या लक्षात आलं. त्यांनी ते वाक्य गिळलं.

"बरं हाय, बाई," रुपाली म्हणाली.

कुणी तिला टोकलं नाही. तेवढ्यानं बाईंना समजलं की त्यांचा गट संपला. भरत राहील, गाणं म्हणत राहील, तिसऱ्या कडव्याला थांबतही राहील, पण संपला. "ही आमची खुर्ची आहे," त्या म्हणाल्या, पिशवी कोपरात अडकवली आणि खुर्ची उचलली. राजदीप मदतीला उठला, मग मदत कशात करायची ते न उमजून तसाच राहिला. लालीबाई तोंडाला पदर लावून बसली होती.

स्वयंपाकघरात रुपालीनं त्यांना गाठलं. खुर्चीचा दुसरा हात धरला, आणि अगदी हळू म्हणाली, "बाई, आमचं सारं तुमच्याजोळ होतं. अन् तुम्ही म्हनलं तुमच्याजोळ देवच नाही राह्यला. मंग ते कोनाजोळ हाय? मले झोप नाही लागे, बाई. म्हनून सांगतलं पास्टरले."

"ते मी देवाजवळ ठेवलंच नव्हतं," बाई म्हणाल्या. "मी ठेवलं होतं."

रुपालीनं हात सोडला. बाई थांबल्या नाहीत. गल्लीत खुर्ची दोन्ही भिंतींना घासत होती. पुढच्या पायांनी पोटऱ्यांना मार बसत होता, आणि वांगी पिशवीतून कोपरावर आदळत होती. मग मागून पेटीचा एक सूर आला, आणि त्यावर गाणं चढलं. बाईंनी पावलं उचलली, तिसऱ्या कडव्याच्या आत रस्ता गाठायचा म्हणून, पण दम पुरला नाही. गल्लीच्या तोंडाशी, खोदलेल्या चराच्या काठावर त्यांनी खुर्ची टेकवली आणि तिच्यात बसल्या. डुगडुगली. चरात मोठा दिवा लावून माणसं पाईप बसवत होती. येणारी-जाणारी वाहनं हळू होत होती आणि रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसलेल्या म्हातारीकडे पाहून पुढे जात होती. खुर्चीतून असं दिसतं तर, बाईंना वाटलं.

चरातल्या एका माणसानं कुदळ थांबवली. गळ्यातल्या पंच्यानं तोंड पुसत त्यानं वर पाहिलं. "मावशी, बरं हाय ना?"

सवयीनं होकार ओठापर्यंत आला होता. "नाही," त्या म्हणाल्या. "बरं नाही."

तो काठाशी आला. कुदळ बाजूला ठेवली, हाताची माती झटकली, आणि खरंच ऐकून घ्यायचं असल्यासारखा उभा राहिला. "काहून? काय झालं?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. अनोळखी, पुन्हा कधी न भेटणारा माणूस. याला सगळं सांगता येईल असं वाटून त्यांचे डोळे पहिल्यांदा भरले. मग सुरुवात कुठून करावी ते त्या शोधू लागल्या, आणि जिथून म्हणून करावी तिथं आधी रुपालीचं सांगावं लागत होतं. ते सतरंजीवरचं होतं. मागे गाणं थांबलं. एक श्वास, दुसरा श्वास.

"रस्ता खोदलाय," त्या म्हणाल्या. "म्हणून बसले."